मायकेल मार्टिन यांचा राजीनामा: दोष अध्यक्षांचा की सभागृहाचा?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सचे अध्यक्ष मायकेल मार्टिन यांनी १९ मे २००९ रोजी दुपारी सभागृहात उभे राहून जेमतेम अर्ध्या मिनिटाचे निवेदन केले आणि २१ जून रोजी आपण पद सोडत असल्याचे जाहीर केले. सभागृहाची एकजूट टिकून राहावी, एवढेच कारण त्यांनी दिले. त्यापूर्वी अशी वेळ १६९५ मध्ये सर जॉन ट्रेव्हर यांच्यावर आली होती. लंडन नगर प्रशासनाकडून एक हजार गिनी लाच घेतल्याचा त्यांच्यावरील आरोप सभागृहाने मान्य केला, आणि स्वतःच्याच दोषाचा ठराव मताला टाकण्याचे काम अध्यक्ष या नात्याने त्यांनाच करावे लागले. मधल्या तीनशेहून अधिक वर्षांत कॉमन्सच्या कोणत्याही अध्यक्षाला अशा रीतीने पद सोडावे लागले नव्हते. मार्टिन यांनी लाच घेतली नव्हती. तरीही त्यांचे जाणे योग्य होते असे माझे मत आहे आणि ते मी येथे सविस्तर मांडतो.

आधी त्यांची वाटचाल सांगतो, कारण ती सामान्य नाही. १९४५ मध्ये ग्लासगोच्या अँडरस्टन भागात त्यांचा जन्म झाला. वडील व्यापारी जहाजावर बॉयलरमध्ये कोळसा टाकण्याचे काम करीत, आई शाळेत सफाई कामगार होती. पंधराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सोडून ते पत्राकाम शिकले, रोल्स-रॉइसच्या हिलिंग्टन येथील कारखान्यात काम करू लागले, कामगार संघटनेत शिरले, १९७३ मध्ये ग्लासगोचे नगरसेवक झाले आणि १९७९ मध्ये स्प्रिंगबर्न मतदारसंघातून मजूर पक्षाचे खासदार म्हणून निवडून आले. पुढे अनेक वर्षे त्यांनी समित्यांच्या बैठका चालवल्या (आपल्याकडच्या तालिका अध्यक्षांसारखेच हे काम असते), १९९७ मध्ये ते उपाध्यक्ष झाले आणि २३ ऑक्टोबर २००० रोजी बेटी बूथ्रॉइड यांच्या जागी अध्यक्ष झाले. धर्मसुधारणेनंतर या पदावर आलेले ते पहिले रोमन कॅथलिक होते.

त्यांच्या निवडीपासूनच एक अढी राहिली. बूथ्रॉइड मजूर पक्षाच्या असल्याने आता पाळी हुजूर पक्षाची, असा त्या पक्षाचा आणि इतरही अनेकांचा समज होता. बारा उमेदवार उभे होते. जुन्या पद्धतीनुसार एकेक नाव दुरुस्ती म्हणून मांडत, सहा तासांहून अधिक वेळ मतदान चालवत, बहुमत असलेल्या पक्षाच्या मागच्या बाकांनी आपला माणूस निवडून आणला. यात बेकायदा काहीच नव्हते. पण सर्वांचा अध्यक्ष होण्यासाठी लागणारी सद्भावना त्यांना पहिल्या दिवशी मिळाली नाही, आणि पुढे ती त्यांनी मिळवलीही नाही.

आता मुख्य मुद्दा. कॉमन्सचा कारभार पाहणाऱ्या आयोगाचे अध्यक्षपद सभागृहाच्या अध्यक्षांकडेच असते. माहिती अधिकार कायद्याखाली पत्रकारांनी खासदारांच्या दुसऱ्या घराच्या भत्त्याचा तपशील मागितला, तेव्हा सभागृहाने तो नाकारला, माहिती लवादापुढे प्रकरण गेले आणि तेथे हरल्यावर उच्च न्यायालयात अपील करण्यात आले. १६ मे २००८ रोजी उच्च न्यायालयानेही तपशील देण्याचा आदेश दिला. पाठपुरावा करणाऱ्यांत हेदर ब्रुक यांचे नाव सर्वपरिचित आहे. जनतेचा पैसा कोठे गेला हे जनतेने विचारले आणि ते सांगावे लागू नये यासाठी जनतेच्याच पैशाने वकील उभे केले गेले. हे सर्व मार्टिन यांच्या नेतृत्वाखालील यंत्रणेने केले. कोणा पक्षनेत्याने ते केले असते तर मी त्याला राजकारण म्हणून सोडून दिले असते, परंतु सभागृहाच्या प्रतिष्ठेचा जो विश्वस्त आहे त्याच्याकडून ते मला क्षम्य वाटत नाही.

त्यानंतर, २७ नोव्हेंबर २००८ रोजी, विरोधी बाकांवरील डेमियन ग्रीन यांना गृह खात्याची कागदपत्रे फुटल्याच्या प्रकरणात अटक झाली आणि पोलिसांनी संसदेतील त्यांच्या कार्यालयाची झडती घेतली, तीही न्यायालयाच्या वॉरंटाशिवाय. सार्जंट-अॅट-आर्म्स, म्हणजे सभागृहाच्या सुरक्षा-व्यवस्थेच्या अधिकारी, जिल पे यांनी संमतीपत्रावर सही केली होती. ३ डिसेंबरच्या निवेदनात मार्टिन यांनी वॉरंट नसल्याचे आपल्याला सांगितले गेले नव्हते, असे म्हणून भार कनिष्ठांवर आणि पोलिसांवर टाकला. १६४२ मध्ये राजा पहिला चार्ल्स पाच सदस्यांना पकडण्यासाठी सैनिक घेऊन सभागृहात आला असता अध्यक्ष विल्यम लेंथॉल यांनी गुडघे टेकून, पण ठामपणे, सभागृह सांगेल त्याखेरीज पाहायला मला डोळे नाहीत आणि बोलायला जीभ नाही, असे राजाला सुनावले होते. त्या आसनावर बसणाऱ्याने, आपल्याच इमारतीत झडती होणार हे कळल्यावर, वॉरंट आहे का हा प्रश्न स्वतः विचारायला नको होता काय?

अखेर ८ मे २००९ पासून ‘डेली टेलिग्राफ’ने फुटलेला तपशील छापायला सुरुवात केली. तळ्यातल्या बदकांचे घर, वाड्याभोवतीच्या खंदकाची सफाई, एकाच वर्षात ‘दुसरे घर’ बदलून दोन्ही घरांवर खर्च, लोक संतापले. ११ मे रोजी सभागृह भरले तेव्हा अध्यक्षांचा राग वळला तो माहिती फोडणाऱ्यांचा तपास पोलिसांकडे देण्यावर शंका घेणाऱ्या केट होई यांच्यावर आणि पारदर्शकतेचा आग्रह धरणाऱ्या नॉर्मन बेकर यांच्यावर. दोघांनाही त्यांनी आसनावरून टोमणे मारले. मला विचाराल तर त्यांचे अध्यक्षपद त्याच दिवशी संपले. पुढचे आठ दिवस ही केवळ औपचारिकता होती.

जुनी पेठ

धागाकर्त्यांनी घटनाक्रम नीट मांडला आहे, त्याबद्दल आभार. निष्कर्ष मात्र मला मुळीच मान्य नाही. आपल्याकडे याला चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात.

भत्त्याचे नियम कोणी केले? सभागृहाने. त्यांचा लाभ कोणी घेतला? सर्व पक्षांच्या सदस्यांनी. पगारवाढ लोकांना रुचणार नाही म्हणून भत्ते सैल ठेवायचे, ही व्यवस्था मार्टिन अध्यक्ष होण्याच्या कितीतरी आधीपासून चालत आली होती आणि ती सर्वांना ठाऊक होती. १८ मे २००७ रोजी संसदेलाच माहिती अधिकार कायद्यातून वगळणारे डेव्हिड मॅक्लीन यांचे खासगी विधेयक कॉमन्सने ९६ विरुद्ध २५ मतांनी संमत केले. ते पुढे वरिष्ठ सभागृहात अडले, कारण तेथे ते मांडायला कोणी पुढे आले नाही. म्हणजे माहिती दडवण्याची इच्छा मतदानाने नोंदवली गेली होती. जो अध्यक्ष लढाईत उतरला तो या इच्छेचा वाहक होता.

त्याहून महत्त्वाची गोष्ट धागाकर्त्यांच्या लेखात आलेलीच नाही. २००८ च्या उन्हाळ्यात, मार्टिन स्वतः अध्यक्ष असलेल्या समितीने भत्त्यांच्या सुधारणेचा अहवाल दिला होता. घरातल्या सामानासाठी वापरली जाणारी, ‘जॉन लुइस यादी’ म्हणून बदनाम झालेली दरांची यादी रद्द करावी, दुसऱ्या घराच्या भत्त्याची रचना बदलावी, बाहेरच्या लेखापरीक्षकांकडून तपासणी व्हावी, अशा शिफारशी त्यात होत्या. ३ जुलै २००८ रोजी सभागृहाने १७२ विरुद्ध १४४ मतांनी त्यातील मुख्य भाग फेटाळला, आणि फेटाळणाऱ्यांत मंत्रीही होते. अध्यक्षाला मत नसते, समान मते पडली तरच ते देता येते. मग त्यांनी करायचे काय होते? दहा महिन्यांनी त्याच सभागृहातले लोक उभे राहून सुधारणा का झाली नाही असा जाब त्यांनाच विचारतात, हे मला फार अन्यायाचे वाटते.

लेंथॉलचे उदाहरण आपण दिलेत. ते वाक्य पुन्हा वाचावे, ही विनंती. सभागृह सांगेल त्याखेरीज मला डोळे नाहीत आणि जीभ नाही, असे म्हणणारा माणूस सभागृहाचा सेवक आहे. मार्टिन यांनी हेच केले. सभागृहाला जे झाकून हवे होते ते त्यांनी झाकले, आणि सभागृहाची लाज उघडी पडल्यावर सभागृहाने सेवकाला काढले.

आणखी एक बाब बोलायलाच हवी. लंडनच्या काही स्तंभलेखकांनी त्यांना ‘गॉर्बल्स मिक’ हे नाव दिले होते. गॉर्बल्स ही क्लाइड नदीच्या दक्षिणेची गरीब वस्ती. मार्टिन नदीच्या उत्तरेकडचे, त्या वस्तीशी त्यांचा जन्माने संबंध नाही. ‘मिक’ हा आयरिश वंशाच्या कॅथलिकांसाठीचा हिणकस शब्द आहे. त्यांचे उच्चार आणि व्याकरण यांची वर्षानुवर्षे टवाळी झाली. हुजूर किंवा मजूर, ऑक्सफर्डच्या उच्चारात बोलणारा अध्यक्ष असता तर त्याच चुकांसाठी त्याला असे दूर लोटले असते का, याचे उत्तर धागाकर्त्यांनी प्रामाणिकपणे द्यावे.

पन्हाळा

वर्गद्वेष होता हे खरेच आहे, पण त्याने प्रत्येक आक्षेप खोटा ठरत नाही. मार्टिन यांच्या स्वतःच्या खर्चावरही प्रश्न उठले होते. पत्नीच्या टॅक्सी प्रवासांवर चार हजार पौंडांहून अधिक सार्वजनिक खर्च झाला होता. त्याबद्दलची तक्रार संसदीय मानक आयुक्तांनी फेटाळली, हेही तितकेच खरे. मात्र त्या प्रकरणात पत्रकारांना आपल्याकडून चुकीची माहिती दिली गेली हे लक्षात आल्यावर त्यांचे प्रवक्ते माइक ग्रॅनट यांनी फेब्रुवारी २००८ मध्ये काम सोडले. प्रवक्त्याला जे उमजले ते अध्यक्षांना उमजायला पंधरा महिने लागले, एवढेच मला नोंदवायचे आहे.

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

जुनी पेठ, आपल्या प्रतिसादातील दोन गोष्टी मी मान्य करतो. ३ जुलै २००८ च्या मतदानाचा उल्लेख मी करायला हवा होता. तो न केल्याने माझी मांडणी एकांगी झाली. आणि उच्चारांवरून झालेली टवाळी निंद्य होती, तिचे समर्थन कोणीही करू नये. आपण विचारलेल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे, की दुसऱ्या कोणाला कदाचित आणखी काही आठवडे सवलत मिळाली असती. पण टिकून राहणे त्यालाही शक्य झाले नसते.

लेंथॉलबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. तो राजासमोर, म्हणजे सभागृहाबाहेरच्या सत्तेसमोर, स्वतःला सेवक म्हणवून घेत होता. नागरिक हा सभागृहावर चाल करून आलेला राजा नव्हे. ज्याच्या मतावर ते सभागृह उभे आहे, तो नागरिक दाराशी हिशेब मागायला आला असता त्याच्यासमोर तेच वाक्य ढाल म्हणून धरणे म्हणजे वाक्याचा अर्थ उलटा करणे होय. अध्यक्ष सभागृहाचा सेवक असतो याचा अर्थ तो आज बाकांवर बसलेल्या ६४६ व्यक्तींच्या सोयीचा सेवक असतो, असा मी करत नाही. कामगार संघटनेचा प्रतिनिधी सदस्यांच्या भत्त्यासाठी भांडतो, आणि ते त्याचे कर्तव्यच असते. मार्टिन यांनी आयुष्याची सुरुवातीची वर्षे ते काम निष्ठेने केले होते. माझा समज असा आहे की ती निष्ठा ते अध्यक्षांच्या आसनावरही घेऊन आले, आणि तेथे तिची जागा नव्हती.

एक तपशील पाहावा. जून २००९ मध्ये, ठरल्याप्रमाणे, खर्चाची कागदपत्रे अधिकृतपणे प्रसिद्ध झाली तेव्हा त्यांतील पत्ते काळ्या शाईने पुसलेले होते. सुरक्षेचे कारण पुढे केले गेले. पण पत्ता झाकला की कोणत्या सदस्याने कोणते घर केव्हा ‘दुसरे’ ठरवले हे कळायला मार्गच उरत नाही. म्हणजे वृत्तपत्राकडे मूळ प्रत पोहोचली नसती, तर न्यायालयाचा आदेश पाळूनही सर्वांत गंभीर गैरप्रकार झाकलेलाच राहिला असता.  ही झाकलेली प्रत प्रशासनाने तयार केली, आणि त्या प्रशासनाचा प्रमुख अध्यक्ष असतो.

जुनी पेठ

पत्त्यांचा मुद्दा वजनदार आहे, मी तो नाकारत नाही. तरी १८ मे २००९ चे दृश्य आठवावे. मार्टिन यांनी त्या दिवशी सर्वांच्या वतीने जनतेची स्पष्ट माफी मागितली होती, पक्षनेत्यांची बैठक बोलावली होती. त्यानंतर हरकतीच्या मुद्द्यांचा पाऊस पडला. डग्लस कार्सवेल यांचा अविश्वासाचा ठराव चर्चेला केव्हा येणार, या प्रश्नावर त्यांनी शेजारच्या सचिवांना विचारून सांगितले की हा नियमित ठराव नव्हे, त्यासाठी सरकारने वेळ द्यायला हवा. नियमाने ते उत्तर बरोबर होते. सरकारने ना वेळ दिला, ना ठामपणे पाठराखण केली. आदल्याच दिवशी लिबरल डेमोक्रॅट नेते निक क्लेग यांनी त्यांनी जावे असे जाहीरपणे म्हटले होते. तिन्ही पक्षांच्या नेत्यांना आपापल्या सदस्यांच्या पावत्यांवरून लोकांचे लक्ष हटवायचे होते. ठरावावर मतदान होऊन ते गेले असते तर मी गप्प बसलो असतो. प्रत्यक्षात मतदान न घेता, जबाबदारी कोणाच्याच नावावर न नोंदवता, एका माणसाला जायला भाग पाडले गेले.

सह्यगिरी

दोन्ही बाजूंना एक तुलना सुचवतो. ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधिगृहाच्या अध्यक्ष ब्रॉनविन बिशप यांनी मेलबर्नहून जिलाँगला पक्षाच्या कार्यक्रमासाठी भाड्याच्या हेलिकॉप्टरने सरकारी खर्चाने प्रवास केला आणि ऑगस्ट २०१५ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. कॅनडाचे अँथनी रोटा यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये झेलेन्स्की यांच्या भेटीच्या वेळी ज्या वृद्धाचा सभागृहात गौरव केला, तो दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या वाफेन-एसएसच्या तुकडीत होता हे उघड झाले आणि काही दिवसांतच रोटा पायउतार झाले. या दोघांची चूक त्यांची स्वतःची होती, बोट ठेवून दाखवता येण्याजोगी होती. मार्टिन यांचे प्रकरण वेगळे आणि म्हणूनच अवघड आहे, कारण तेथे वैयक्तिक कृतीपेक्षा पद कसे समजून घेतले हाच प्रश्न आहे.

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक गोष्ट जोडतो. मार्टिन यांनी महिन्याभराची मुदत दिली आणि पद रिकामे झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, २२ जून २००९ रोजी, गुप्त मतदानाने जॉन बर्को निवडले गेले. महाराष्ट्र विधानसभेत नाना पटोले यांनी पक्षाचे प्रदेशाध्यक्षपद स्वीकारण्यासाठी ४ फेब्रुवारी २०२१ रोजी राजीनामा दिला, आणि राहुल नार्वेकर यांची निवड व्हायला ३ जुलै २०२२ उजाडला. मधल्या काळात सरकारच बदलले, अपात्रतेच्या नोटिसा उपाध्यक्षांच्या सहीने निघाल्या आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापर्यंत गेला. राजीनामा योग्य की अयोग्य याबरोबरच, तो देताना आसन रिकामे राहणार नाही याची काळजी घेतली गेली का, हाही निकष लावायला हवा. त्या निकषावर मार्टिन उजवे ठरतात.

पन्हाळा

सह्यगिरी, निकष चांगला आहे, पण कॉमन्सचा नियमच असा आहे की अध्यक्षाविना सभागृहाला दुसरे कोणतेही काम सुरू करता येत नाही. श्रेय त्या नियमाला अधिक द्यावे. आपल्याकडे उपाध्यक्षांवर काम भागते, म्हणून निवडणूक लांबवता येते.

क्लाइडकाठ

मी त्या वर्षी ग्लासगोत शिकत होतो आणि स्प्रिंगबर्नजवळच राहत होतो, म्हणून थोडे लिहितो. या भागात एके काळी वाफेची इंजिने बनत. त्यांतली कितीतरी जहाजांवर चढून भारतात आली. १९६० च्या दशकात मोठा कारखाना बंद पडला आणि वस्ती खचत गेली. मार्टिन तीस वर्षे या लोकांचे खासदार होते. मला भेटलेल्या म्हाताऱ्या माणसांना त्यांचे अध्यक्षपद हा आपलाच मान वाटत असे. घराचा प्रश्न, पेन्शनचा प्रश्न घेऊन गेल्यावर त्यांनी वेळ दिल्याच्या आठवणी लोक सांगत. लंडनने आपल्या माणसाला बाहेर काढले, ही भावना तेथे खरी होती आणि जुनी पेठ यांचे म्हणणे त्या भावनेच्या जवळ जाणारे आहे.

त्याच लोकांना पावत्यांचा रागही होता. ज्या घरात कामावरून सुटलेल्या माणसाला साप्ताहिक भत्त्यासाठी कार्यालयात दहा प्रश्नांना उत्तरे द्यावी लागत, त्या घरात खासदारांना ठरावीक रकमेपर्यंत पावतीच लागत नव्हती ही बातमी कशी वाचली गेली असेल, याची कल्पना करावी. माझ्या शेजारच्या बाई एका दमात मार्टिन यांची बाजू घेत आणि सगळ्या खासदारांना घरी पाठवा म्हणत. त्यात त्यांना विसंगती वाटत नसे आणि मलाही वाटली नाही.

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

क्लाइडकाठ, हे वाचून बरे वाटले, आणि माझ्या मूळ लेखातील एक वाक्य मी बदलतो. ‘सद्भावना त्यांनी मिळवलीही नाही’ हे मी वेस्टमिन्स्टरपुरते लिहायला हवे होते.

जुनी पेठ, मतदान व्हायला हवे होते हे आपले म्हणणे मला पटते. ठरावावर चर्चा झाली असती तर ३ जुलैला कोणी कसे मत दिले होते हेही त्याच चर्चेत बाहेर आले असते, आणि म्हणूनच ती कोणत्याही नेत्याला नको असावी. मतदान टळल्यामुळे पक्षनेते सुटले, पण त्याने मार्टिन यांची जबाबदारी कमी होते असे मी मानत नाही. त्याच वर्षी संसदीय मानक कायदा होऊन खासदारांचे खर्च तपासण्याचे काम स्वतंत्र प्राधिकरणाकडे गेले. पुढे काही माजी खासदारांना तुरुंगवासही झाला. आयोगाने २००५ पासूनच माहिती दिली असती, तर यातले बरेच काही शांतपणे झाले असते.

जुनी पेठ

आपल्यातले अंतर आता कमी झाले आहे, पण मिटलेले नाही. आयोगात मार्टिन एकटे नव्हते, तेथे सर्व मोठ्या पक्षांचे प्रतिनिधी बसत होते, आणि त्यांतल्या कोणीही १९ मे रोजी पद सोडले नाही. क्लाइडकाठ, नोव्हेंबरमधल्या पोटनिवडणुकीत लोकांनी काय केले, तेही कृपया लिहावे.

क्लाइडकाठ

१२ नोव्हेंबर २००९ रोजी ग्लासगो ईशान्य मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. मार्टिन तोवर लॉर्ड मार्टिन ऑफ स्प्रिंगबर्न म्हणून वरिष्ठ सभागृहात गेले होते. मजूर पक्षाचे विली बेन मोठ्या फरकाने निवडून आले. मतदान साधारण तेहतीस टक्के झाले. आमच्या इमारतीतून मतदानाला गेलेल्या त्या शेजारच्या बाई एकट्याच होत्या.